तासाला अडलेला शब्द

शरीररचनाशास्त्राच्या तासाला सर 'इलियम' म्हणतात. मागच्या बाकावरची विद्यार्थिनी मोबाइल बाकाखाली धरते, कानाला ऐकू आले तसे स्पेलिंग टाकते आणि पडद्यावर कमरेच्या हाडाचे चित्र येते. सर मात्र लहान आतड्याच्या शेवटच्या भागाविषयी बोलत असतात. मुलगी गोंधळते. आतड्यात हाड कुठून आले? शेजारणीला विचारावे तर सर रागावतील, सरांना विचारावे तर वर्ग हसेल. ती वहीत हाडाचे चित्र काढून ठेवते आणि परीक्षेत तेच लिहून येते.

इंग्रजीत हे दोन शब्द आहेत. आतड्याच्या 'इलियम'मध्ये एल नंतर ई हे अक्षर येते, हाडाच्या 'इलियम'मध्ये आय. उच्चारात फरक नाही. म्हणजे चूक त्या मुलीच्या कानाची नाही आणि मोबाइलचीही नाही. तिने जे विचारले त्याचे उत्तर मोबाइलने बरोबर दिले. ती विचारत होती एक आणि टंकत होती दुसरे, एवढेच. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात असे प्रसंग इतक्या वेळा कानावर आले, की यंदाच्या स्मरणिकेत याच विषयावर चार शब्द लिहावेत असे ठरले.

धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ सालचे. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले ते २०१८ साली. त्याआधीच्या पिढीतल्या जळगावच्या मुलाला सरकारी महाविद्यालयात डॉक्टर व्हायचे तर धुळे, औरंगाबाद, नाशिक विभागाबाहेरची गावे असा विचार करावा लागे. आज दोन्ही जिल्ह्यांत वैद्यकीय, परिचर्या आणि औषधनिर्माणाचे वर्ग आहेत आणि त्यांत आपल्या समाजाची मुले-मुली बसलेली दिसतात. त्यांच्यापैकी पुष्कळांनी दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा गावच्या मराठी शाळेत शिक्षण घेतलेले असते. घरात अहिराणी, रावेर-यावलकडे तावडी, शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यातल्या मैत्रिणीच्या घरी पावरी. शाळेत प्रमाण मराठी. महाविद्यालयात एकदम इंग्रजी, आणि त्या इंग्रजीच्या पोटात पुन्हा ग्रीक आणि लॅटिन. एका विद्यार्थ्याला चार पायऱ्या एका उडीत चढायच्या असतात. अशा वेळी खिशातल्या मोबाइलचा आधार वाटला तर त्यात नवल नाही.

काही शिक्षक वर्गात मोबाइल दिसला की जप्त करतात. त्यांची अडचण आम्ही समजू शकतो, कारण बाकाखाली प्रत्येक जण शब्दच शोधत असतो असे नाही. तरीही सरसकट बंदीच्या बाजूचे आम्ही नाही. ज्या मुलाच्या घरी कोणी डॉक्टर नाही, ज्याच्या वडिलांकडे जाड वैद्यकीय कोश घ्यायला पैसे नाहीत, त्याला पहिल्यांदाच जगभरचे कोश हाती लागले आहेत. ते काढून घेणे म्हणजे ज्याच्या घरी कोश आहे त्यालाच पुन्हा पुढे ठेवणे. मात्र शिक्षक बोलत असताना शोधणे यालाही आमचा विरोध आहे. शब्द शोधायला अर्धे मिनिट लागते. त्या अर्ध्या मिनिटात शिक्षकांची चार वाक्ये निघून जातात आणि बहुधा त्या चार वाक्यांतच त्या शब्दाचा अर्थ सांगितलेला असतो. आमचा अनुभव असा, की तासाच्या मध्यावर शिक्षकांनी पाच मिनिटे दिली आणि 'अडलेले शब्द आता पाहा' असे उघड सांगितले, तर बाकाखालचा मोबाइल बाकावर येतो आणि इतर खेळही आपोआप कमी होतात. शिक्षकांनी फळ्यावर नव्या शब्दाचे स्पेलिंग लिहिले तर निम्मे काम तिथेच होते. हे सांगायला खर्च येत नाही, पण घडते क्वचित.

पाच मिनिटे मिळोत न मिळोत, विद्यार्थ्याने पहिली गोष्ट करावी ती वहीत. शब्द ऐकला तसा देवनागरीत लिहावा, समोर जागा सोडावी आणि कोणत्या अवयवाविषयी बोलणे चालू होते ते एका शब्दात नोंदवावे. 'इलियम, आतडे.' पुढे शोधताना हा दुसरा शब्द सोबत टाकला की हाड पडद्यावर येणार नाही. 'हायपोकॅलेमिया' आणि 'हायपोकॅल्सेमिया' हे भरभर बोलताना एकच वाटतात. पहिल्यात रक्तातले पोटॅशियम कमी झालेले असते, दुसऱ्यात कॅल्शियम. 'डिस्फेजिया' म्हणजे गिळायला त्रास, 'डिस्फेझिया' म्हणजे बोलण्याचा दोष. 'युरेटर' मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येते, 'युरेथ्रा' मूत्राशयातून बाहेर जाते. आणि 'हायपर' व 'हायपो' तर मागच्या बाकापर्यंत पोहोचेस्तोवर एक होऊन जातात, जरी पहिल्याचा अर्थ जास्त आणि दुसऱ्याचा कमी. थायरॉइडच्या बाबतीत या एका अक्षराने औषधच उलटे होते.

दुसरी गोष्ट, शब्द फोडायला शिकणे. जो शब्द फोडता येतो तो दरवेळी शोधावा लागत नाही. शेवटी 'आयटिस' असेल तर दाह. आधी 'हेपाट' असेल तर यकृत. झाला यकृतदाह. 'नेफ्र' मूत्रपिंड, म्हणून नेफ्रायटिस. 'एक्टॉमी' म्हणजे अवयव काढून टाकणे, 'ऑटॉमी' म्हणजे छेद घेणे, 'ऑस्टॉमी' म्हणजे नवे तोंड करून देणे, 'प्लास्टी' म्हणजे घडण नीट करणे. अपेंडिसेक्टॉमी, लॅपरोटॉमी, कोलोस्टॉमी, अँजिओप्लास्टी हे चार शब्द एवढ्या भांडवलावर सुटतात. असे साठ-सत्तर तुकडे पाठ केले तर पुढची पुस्तके अर्धी सोपी होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे 'मेडलाइनप्लस' हे विनामूल्य संकेतस्थळ १९९८ पासून चालू आहे. तिथे वैद्यकीय शब्द कसे फोडावेत याचा स्वतंत्र पाठच दिलेला आहे. तो एका रविवारी मन लावून वाचावा.

येथे आपल्या वाचकांना थोडे थांबवून एक गोष्ट दाखवावीशी वाटते. ग्रीक-लॅटिन शब्द परके म्हणून आपली मुले बिचकतात. पण सुत्तपिटकातल्या खुद्दकपाठात शरीराच्या ३२ भागांची यादी आहे, द्वत्तिंसाकार या नावाची. धम्मशिबिराला बसलेल्या अनेकांनी ती ऐकलेली असते. तिच्यात 'अट्ठि' आहे, संस्कृतातले अस्थि. ग्रीकमध्ये हाडाला 'ओस्टिऑन' म्हणतात आणि त्यावरून ऑस्टिओपोरोसिस आले. यादीत 'हदय' आहे, ग्रीक 'कार्डिआ' त्याच घराण्यातला. 'दन्त' आहे, तिकडे 'ओडोन्ट'. 'पिहक' म्हणजे प्लीहा, तिकडे 'स्प्लेन'. सर्वांत गंमत यकृताची. पालीत 'यकन', ग्रीकमध्ये 'हेपार'. वरवर काही नाते दिसत नाही, पण ग्रीकमध्ये आरंभीच्या 'य'चा 'ह' झाला आणि मधल्या 'क'चा 'प', असे भाषाशास्त्रज्ञ दाखवतात. म्हणजे 'हिपॅटायटिस' या शब्दाचा पूर्वार्ध आपल्या यकृताचाच चुलतभाऊ आहे. सगळेच शब्द असे नातेवाईक निघत नाहीत हेही सांगितले पाहिजे. मूत्रपिंडाला पालीत 'वक्क', त्याचे ग्रीक 'नेफ्रोस'शी काही नाते नाही. आणि पाली यादीतल्या 'किलोमक' या शब्दावर जाणकारांचेच एकमत नाही, कोणी त्याला फुप्फुसावरचे आवरण म्हणतात तर कोणी छाती-पोटामधला पडदा. जुन्या शब्दाचा अर्थ लावणे किती जपून करायचे काम आहे ते यावरून कळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे काम स्वतः केले होते. त्यांनी पालीचे व्याकरण आणि पाली शब्दकोश तयार केला. तो महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १६ व्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध केला. त्यात पाली शब्दांना इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती आणि हिंदी अर्थ दिलेला एक कोशही आहे. राज्यघटनेचे, कायद्याचे, अर्थशास्त्राचे एवढे डोंगर उपसणारा माणूस एकेक शब्दापुढे चार चार भाषांत अर्थ लिहीत बसला होता. शब्द शोधण्याच्या कामाला कमी लेखणाऱ्यांनी तो खंड एकदा हातात घेऊन पाहावा.

आता इंटरनेटवरच्या खाचखळग्यांविषयी.

पहिला खळगा देशांच्या फरकाचा. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला अमेरिकेत अॅसिटामिनोफेन म्हणतात. आपले अॅड्रेनॅलिन तिकडे एपिनेफ्रिन, आपले साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल. पान अमेरिकेचे असेल आणि हे माहीत नसेल, तर एकाच औषधाची दोन औषधे होतात. सूज या अर्थाचा 'इडीमा' ब्रिटिश स्पेलिंगने ओ अक्षरात सापडतो, अमेरिकन स्पेलिंगने ई अक्षरात. याहून धोक्याचा फरक मोजमापाचा. आपल्याकडे रक्तातली साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात आणि उपाशीपोटी १२६ किंवा अधिक आली की मधुमेहाचा विचार करतात. ब्रिटिश पानावर तीच मर्यादा ७ लिहिलेली असते, कारण तिथे मिलिमोल प्रति लिटर हे माप आहे. सातला अठराने गुणले की १२६ येतात. हिमोग्लोबिनही आपल्याकडे १२ तर काही पानांवर १२० दिसते. आकडा वहीत उतरवताना पुढचे माप उतरवले नाही तर तो आकडा न उतरवलेलाच बरा.

दुसरा खळगा संक्षेपांचा. केसपेपरवर औषधापुढे 'ओडी' लिहिलेले असते. त्याचा अर्थ दिवसातून एकदा. नेत्रविभागात तेच 'ओडी' म्हणजे उजवा डोळा, कारण लॅटिनमध्ये तसे आहे. आणि इंटरनेटवर नुसते 'ओडी' टाकले तर औषधाचा अतिरेक, म्हणजे विषबाधेच्या बातम्या समोर येतात. 'एमएस' ही पदवी आहे, हृदयाच्या झडपेचा आजार आहे आणि मज्जासंस्थेचाही आजार आहे. संक्षेपाचा अर्थ इंटरनेटला नव्हे, ज्याने लिहिला त्याला किंवा वॉर्डातल्या सिस्टरांना विचारावा. येथे लाज धरणे रोग्याला महागात पडते.

तिसरा खळगा नवा आहे. आता काही शोधले की सर्वांत वर यंत्राने तयार केलेले सलग उत्तर येते. भाषा इतकी नीटस, की शंका घ्यायचे मन होत नाही. आमच्या वर्गातल्या मुलांना आम्ही सांगतो, की ते वाचा, पण वहीत उतरवू नका. खाली मूळ पान कोणाचे आहे ते पाहा. विद्यापीठ, सरकारी आरोग्य खाते, जागतिक आरोग्य संघटना यांचे पान आणि गोळ्या विकणाऱ्या दुकानाचे पान यांना एकाच तराजूत घालू नका. विकिपीडियावर लेखाखाली संदर्भ दिलेले असतात, ते उघडून पाहा, आणि संदर्भच नसतील तर पान मिटा. भगवान बुद्धांनी केसपुत्त येथे कालामांना सांगितले ते आपल्याला तोंडपाठ असते. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, बोलणारा योग्य दिसतो म्हणून स्वीकारू नका. हे आपण मिरवणुकीत फार वेळा ऐकवतो. मोबाइलच्या पडद्यासमोर त्याची आठवण ठेवणारे आम्हाला कमी भेटले. त्या उपदेशाचा दुसरा अर्धा भाग तर विसरलाच जातो. स्वतः तपासून हितकारक ठरले तर स्वीकारा, असेही तिथे सांगितले आहे. नुसता अविश्वास हा अभ्यास नव्हे.

मराठी अर्थासाठी दोन ठिकाणे हाताशी ठेवावीत. एक, १९६० साली स्थापन झालेल्या राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, जे आता इंटरनेटवर शोधता येतात. दुसरे, मराठी विश्वकोश. विश्वकोशातल्या वैद्यकीय नोंदी जुन्या असल्या तर उपचाराचा भाग तिथून घेऊ नये, पण शरीराची रचना आणि कार्य समजून घ्यायला त्या आजही चांगल्या आहेत. मात्र मराठी परिभाषा मिळाली की काम झाले असे समजू नये. कोशात थायरॉइडला 'अवटु ग्रंथी' सापडेल. अमळनेरच्या आठवडे बाजारात 'अवटु' म्हणून पाहा, कोणाला कळते ते. लोकांना 'थायरॉइड' कळते, 'किडनी' कळते, 'बीपी' कळते. मध्य प्रदेशात १६ ऑक्टोबर २०२२ रोजी एमबीबीएसची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली, त्यांतही पुष्कळ संज्ञा इंग्रजीच, फक्त देवनागरीत छापलेल्या आहेत. ते आम्हाला शहाणपणाचे वाटते.

म्हणून आम्ही मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगतो. पहिल्यात परीक्षेचा इंग्रजी शब्द, अचूक स्पेलिंगसह. दुसऱ्यात तो शब्द फोडून त्याचा मराठी अर्थ. तिसऱ्यात आपल्या आजीला तो कसा सांगाल ते. तिसरा रकाना इंटरनेट भरून देत नाही. तो भरायला मुले सुरुवातीला कुरकुरतात, कारण त्याला परीक्षेत गुण नाहीत.

पण दवाखान्यात गुण त्यालाच आहेत. विनयपिटकातल्या महावग्गात पोटाच्या विकाराने घाणीत पडून राहिलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदासह स्वतः धुऊन स्वच्छ केल्याची हकीगत आहे. ती सर्वांना माहीत असते. तिच्यापाठोपाठ चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याची आणि चांगल्या रोग्याची लक्षणे सांगितली आहेत, तिकडे लक्ष कमी जाते. रोग्याचे एक लक्षण असे, की तो आपला आजार जसा आहे तसा सांगतो. आता साक्री तालुक्यातली म्हातारी आपला आजार जसा आहे तसा कोणत्या भाषेत सांगणार? "मना पोटमा दुखस," "माले चक्कर येस," अशीच सांगणार. 'चक्कर' हा शब्द भाषांतराच्या यंत्रात घातला की एकच इंग्रजी शब्द बाहेर पडतो. म्हातारीच्या 'चक्कर'मध्ये तीन गोष्टी असू शकतात. सभोवतालचे गरगर फिरणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, किंवा खरोखर भोवळ येऊन पडणे. पुस्तकात या तिन्हींची नावे वेगळी, कारणे वेगळी. कोणती ते म्हातारीला विचारूनच कळेल, आणि विचारायला तिची भाषा यावी लागेल. जिला ती येते अशी आपली मुलगी वर्गात मागच्या बाकावर तोंड शिवून बसते. असो.

शेवटी एका शब्दाची हकीगत सांगतो. तो शब्द 'सिकल सेल ट्रेट'. सिकल म्हणजे विळा. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात तो हा आनुवंशिक आजार. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या आदिवासी भागात तो आहेच, आणि विदर्भात अनुसूचित जातींमध्ये, म्हणजे आपल्या बौद्ध कुटुंबांतही, तो आढळतो. खानदेश आणि विदर्भ यांच्यात सोयरिकी होत असतात, म्हणून हा विषय आपल्या घरातला आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने सिकल सेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तेव्हापासून तपासण्या वाढल्या आहेत आणि तपासणीचे कागद लोकांच्या हाती येत आहेत.

आमच्या वर्गातल्या परिचर्येच्या एका विद्यार्थिनीच्या नात्यात लग्न ठरले होते. मुलीच्या तपासणीच्या कागदावर 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह' असे आले. त्याच दिवशी वर्गात रक्ताचे आजार चालू होते. विद्यार्थिनीने तिथल्या तिथे शोधले आणि तिला विळ्याच्या आजाराची सगळी भयंकर पाने दिसली. हाडांतल्या वेदना, वारंवार रक्त भरणे, अल्प आयुष्य. तिने घरी फोन केला. लग्न मोडण्याच्या गोष्टी सुरू झाल्या.

रविवारी ती आमच्याकडे आली तेव्हा आम्ही तिला वही उघडायला लावली. सोल्युबिलिटी ही चाळणी परीक्षा आहे. ती विळ्याचे हिमोग्लोबिन रक्तात आहे एवढेच सांगते. ते आई-वडिलांपैकी एकाकडून आले की दोघांकडून, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. एकाकडून आले तर 'ट्रेट', म्हणजे माणूस सहसा निरोगी असतो आणि त्याला त्यासाठी औषध लागत नाही. दोघांकडून आले तर आजार. पुढची तपासणी झाली, मुलगी ट्रेट निघाली. मुलाचीही तपासणी करून घेतली, तो पूर्ण सामान्य होता. दोघेही ट्रेट असते तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, ट्रेट असण्याची ५० टक्के आणि काहीच नसण्याची २५ टक्के राहिली असती. 'चार मुलांत एकाला' असा त्याचा अर्थ नव्हे, दर वेळी नव्याने तेवढीच शक्यता. इथे मुलगा सामान्य असल्याने मुलांना हा आजार होण्याचा प्रश्न नव्हता, ट्रेट मात्र निम्म्या शक्यतेने पुढे जाऊ शकतो.

हे सारे मुलीच्या आईला समजावायचे होते. सरकारी पत्रकात ट्रेटला 'वाहक' हा शब्द आहे. विद्यार्थिनीने तोच वापरला. बाईंनी घाबरून विचारले, "वाहक म्हणजे? एस.टी.तला?" कोशाच्या दृष्टीने शब्द बरोबर होता. एस.टी.नेही तो बरोबरच वापरला आहे. विद्यार्थिनी थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मावशी, आजार नही, रगतमा फक्त खूण शे." बाईंना ते कळले. लग्न ठरल्या तारखेला झाले. वहीतल्या 'ट्रेट'पुढच्या तिसऱ्या रकान्यात आता तेच वाक्य लिहिलेले आहे.